तीन पाण्यांचा लाल

आमचे हे रंगाच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणारे नव्हते. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, डाइंग मास्टर होते. दिवसभर उजेडात कापडाचे दोन तुकडे शेजारी धरायचे, दोघांचा रंग तंतोतंत एक आहे का ते बघायचं आणि 'पास' नाहीतर 'फेल' म्हणायचं, हे त्यांचं काम. फेल म्हटलं की अख्खा लॉट परत रंगात. बरं, ही नजर माणसाने मिलच्या गेटवर ठेवून घरी यावं की नाही? जळगावला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. नवरी बोहल्यावर आली, मावशीच्या डोळ्यांत पाणी, मीही हुंदका आवरतेय, आणि हे माझ्या कानाशी येऊन सांगतात, "शालूचा पदर वेगळ्या लॉटचा आहे." मी असा चिमटा काढला की मंगलाष्टकं संपेपर्यंत ते गप्प होते.

अशा माणसाच्या हाती एक जुना गालिचा लागला. हाताने विणलेला, डोंगरातल्या भटक्या लोकांचा, आणि त्यातला लाल मधोमध बदलत होता. खालचा लाल काळपट, वरचा विटकरी, मध्ये सरळ रेघ. गालिचा आमच्या घरमालकीण मासींचा. ती रेघ म्हणजे मासींजवळ त्यांच्या आईची उरलेली एकुलती एक गोष्ट होती, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांनी ती रेघ पुसायला घेतली, तीही मासींवरच्या मायेपोटी. ते सगळं कसं झालं ते सांगते.

आम्ही तेव्हा नुकतेच बमरोलीहून नानपुऱ्यात राहायला आलो होतो. बमरोलीला एकच खोली होती, एका कारखान्यामागे, आणि भिंतीपलीकडे लूम चोवीस तास धडधडत असायचे. मला दिवस गेले, तेव्हा ह्यांनी ओळखीतून नानपुऱ्यातला हा वरचा मजला मिळवला. खाली मासी एकट्या राहायच्या. पारशी बाई, सत्तरीच्या जवळ आलेली, उंच, फ्रॉक घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी ह्यांना विचारलं, काम काय करता? ह्यांनी आपलं पास-फेल समजावून सांगितलं. झालं, त्या दिवसापासून ह्यांचं नाव 'मास्टर' पडलं. पुदिना आणि गवती चहा घालून चहा करायच्या, कप ह्यांच्या हातात द्यायच्या आणि डोळे बारीक करून विचारायच्या, "मास्टर, पास के फेल?" हेही कप उजेडाला धरून, दोन क्षण बघून, अगदी गंभीरपणे सांगायचे, "पास." रोज तेच. मला आधी वैताग यायचा, मग सवय झाली, आणि मग एखाद दिवशी मासींनी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मग आलं प्लेगचं वर्ष. आधी तापीला पूर, मग तो चिखल आणि मग ती बातमी. सुरत रिकामी व्हायला लागली. आमच्या बमरोलीच्या ओळखीची सगळी खानदेशी मंडळी एका रात्रीत गाठोडी बांधून भुसावळच्या गाडीला लोंबकळली. मला आठवा सरत आलेला. त्या गाडीत मला कोण चढवणार? हे दारात उभे राहून नुसते हात चोळत होते. मासी जिना चढून वर आल्या, गुडघे धरत, आणि म्हणाल्या, कुठे जायचं नाही. रोज संध्याकाळी लोबानाचा धूर घेऊन त्या आमच्या दोन्ही खोल्यांतून फिरायच्या. पाणी उकळलंय का ते स्वतः भांड्यात बोट घालून बघायच्या. मी एकदा रडायला लागले तर म्हणाल्या, "दीकरी, मी ह्याच्याहून मोठं बघितलंय. हे जाईल." काय बघितलंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला तेव्हा विचारायचं भान नव्हतं. पुढे मुलगी झाली, धडधाकट. ह्यांनी पेढा पहिल्यांदा मासींच्या हातावर ठेवला, नंतर देवापुढे. मासींसाठी काहीतरी करायला हवं, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पण त्या बाईला काही नकोच असायचं. साडी नेसत नव्हत्या, गोड खात नव्हत्या, आणि नळ गळला तर स्वतःच पाना घेऊन बसायच्या.

मुलगी दोन-तीन महिन्यांची झाली आणि माझ्या दुपारी खाली जायला लागल्या. मासींच्या खोलीत एक मोठा पलंग, एक कपाट, एक गोल टेबल आणि जमिनीवर तो गालिचा. खोली अंधारी, खिडकीवर जाड पडदा. मासी मुलीला त्या गालिच्यावर आडवी टाकायच्या आणि ती टकामका वर बघत पडून राहायची. मी म्हटलं, "मासी, दुपटं घालते, ओला करील." तर म्हणाल्या, ह्याच्यावर उंट बसलेत, तुझ्या पोरीचं काय घेऊन बसलीस.

मासींचा जन्म बलुचिस्तानातल्या क्वेट्ट्याचा. त्यांच्या वडिलांचं तिथे दुकान होतं, चहा, साखर, काड्यापेट्या, साहेबलोकांसाठी बिस्किटं. थंडी पडायला लागली की डोंगरातले लोक मेंढ्या-उंट घेऊन खाली सपाटीला निघायचे आणि वाटेत दुकानाशी थांबायचे. बायकांनी वर्षभर विणलेले गालिचे त्यांच्याजवळ असायचे. कुणी चहा-साखरेच्या बदल्यात एखादा ठेवून जायचं. त्यामुळे कुठला गालिचा कुठल्या लोकांचा, हे मासींना लहानपणीच कळायला लागलेलं. माझ्या गावी थंडीला आम्ही घोंगडी पांघरायचो, धनगराकडून घेतलेली, आणि तिचा काळा रंग, टोचणारी लोकर, ओलं झाल्यावर येणारा वास एवढंच मला माहीत. गालिचा म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यातली फुलंफुलं, अशी माझी समजूत. मासींनी ती काढून टाकली.

"फुलं सगळ्यात शेवटी बघायची," असं त्या सांगायच्या. "आधी काठ बघ." बलूची बायका काठाला बकरीचे केस घालतात, म्हणून हाताला तो राठ लागतो आणि बाकी सगळं विरलं तरी काठ टिकतो. बलूचींचा रंग काळोखी. गडद लाल, गडद निळा, आणि मध्ये उंटाच्या केसांचा आपसूक तपकिरी. तुर्कमानांचा लाल जास्त उघडा, आणि त्यावर ओळीने आठकोनी ठसे, सगळे एका मापाचे. आणखी पश्चिमेला, इराणात, अफशार म्हणून लोक आहेत, त्यांच्याकडे निळा आणि पिवळा हसरा येतो. मग गालिचा उलटा करायचा. पाठीवर गाठ दिसते, आणि माणूस पुढून खोटं बोलेल, पाठीवरून बोलता येत नाही. हे शेवटचं मला लगेच पटलं, कारण सुरतेत कापड घेताना कुठलीही बाई आधी उलटी बाजूच बघते.

मला त्या दुपारींनी नादच लावला. शनिवारी बाजारात जुन्या सामानात एखादी सतरंजी, गालिचा दिसला की मी फतकल मारून बसायची आणि पहिल्यांदा काठाला हात लावायची. एकदा एक दुकानदार मला शपथेवर सांगत होता, "ईरानी छे, बेन, असल." मी तुकडा उलटा केला. पाठीला गोंद. मी म्हटलं, "भाऊ, हा पानिपतच्या मशीनवरचा आहे, आणि इराण त्याने नकाशातही पाहिलेलं नाही." तो हसला बिचारा. त्याच बाजारात मला कच्छमध्ये विणतात त्या खरड सतरंजीचा एक तुकडा मिळाला, बकरीच्या आणि उंटाच्या केसांचा, राठ, पट्ट्यापट्ट्यांचा. मासींना नेऊन दाखवला. त्यांनी काठ चाचपला, नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "आपल्याच वाटेवरचा, थोडा अलीकडचा." मला पहिल्या नंबराने पास झाल्यासारखं वाटलं.

एवढं सगळं शिकवलं, पण त्यांच्या गालिच्यातल्या रेघेबद्दल चकार शब्द नाही. आणि खरं सांगते, त्या अंधाऱ्या खोलीत ती मला कधी नीट दिसलीही नव्हती. तिचं एक टोक पलंगाखालून बाहेर यायचं आणि दुसरं गोल टेबलाखाली जायचं. फक्त एकदा झाडता झाडता मी पलंग थोडा सरकवला, तर मासी चटकन म्हणाल्या, "होता तिथेच ठेव." पलंगावरून पाय खाली सोडले की ते गालिच्यावर एका ठराविक जागी पडावेत, असा त्यांचा हट्ट. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं असतं असं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मासी भाचीबरोबर उदवाड्याला अग्यारीत दर्शनाला गेल्या. चार दिवस तिथेच राहणार होत्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि सांगितलं, गालिच्याला दमट वास येतोय, गच्चीवर ऊन दाखव. एकटीला तो उचलेना. म्हणून ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी तो गुंडाळून वर नेला आणि गच्चीवर पसरला.

सकाळचं स्वच्छ ऊन. अख्खा गालिचा पहिल्यांदाच उजेडात आलेला. मी त्याचे निळे बघत होते, आणि माझ्या शेजारी हे एकदम खाली बसले.

"हाई काय शे?" म्हणाले. ह्यांना धक्का बसला की ह्यांची अहिराणी बाहेर येते.

रेघ उन्हात लख्ख दिसत होती. खाली डाळिंबाच्या सालीसारखा काळपट लाल, वर विटेचा लाल, काठापासून काठापर्यंत. आणि रेघेच्या वर गालिचा बोटभर अरुंदही झालेला. ह्यांनी गुडघ्यांवर रांगत सगळा गालिचा तपासला. रुमाल ओला करून दोन्ही लालांवर घासला, रुमाल पांढराच राहिला. मग उठून म्हणाले, "रंग पक्का आहे. पण ह्याचं पाणी बदललंय. अर्ध्यात पाणी बदललंय आणि बाईने तसंच पुढे विणलंय."

आता ह्यात गंमत अशी, की त्याच वर्षी उन्हाळ्यात मिलमध्ये ह्यांनी ह्या पाण्यापायी शेठच्या शिव्या खाल्ल्या होत्या. नवीन बोअर मारली, तिचं पाणी जड निघालं, आणि तोच रंग, तेवढाच रंग घालून मरून रंगाचं कापड तपकिरी यायला लागलं. ह्यांनीच जिवाचा आटापिटा करून शोधून काढलं, की दोष रंगाचा नाही, पाण्याचा आहे. तेव्हा गालिच्याचं निदान त्यांनी एका नजरेत केलं. पण पाणी का बदललं असेल, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मिलमध्ये त्याचं कारण नेहमी बोअरच असायचं.

"मग आता?" मी म्हटलं.

"मग काय. फेल." आणि जरा थांबून म्हणाले, "मासी रोज ह्याच्यावर पाय ठेवतात गं. मी हे सरळ करून देतो."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गच्ची डोक्यावर घेतली. म्हटलं, दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, आणि ही काय साडी आहे का, बिघडली तर दुसरी आणायला? त्यावर ते म्हणाले, बिघडायला मी काय शिकाऊ आहे? मासींनी आपल्यासाठी एवढं केलं, मला दुसरं काय येतं? रंगच येतो ना? तरी मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, आणि मुलीला कडेवर घेऊन फणफणत खाली आले.

माणूस हट्टी, पण कामाचा पक्का. रेशमी साड्या रंगवणाऱ्या एका ओळखीच्याकडून लोकरीला चालणारा रंग आणला. गालिच्याच्या टोकाला सुटलेले धागे होते, त्यातले दोन-चार घेऊन आधी त्यांच्यावर करून बघितलं. मिलमधून बाटलीत पाणी आणलं होतं, त्यात रंग काळवंडला. मग गच्चीवरच्या टाकीतलं घेतलं, त्यात जुळला. वाटीत गरम रंग, त्यात व्हिनेगर, आणि दात घासायचा जुना ब्रश. विटकरी लालचा एकेक झुबका ब्रशने भिजवायचा, वर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबायची, वाळू द्यायचं, उजेडात बघायचं, परत भिजवायचं. पलंगाकडच्या काठाने सुरुवात केली, कारण तिथे मासींचा पाय पडतो आणि तिथलं आधी नीट व्हायला हवं. दोन संध्याकाळी मिलमधून आल्या आल्या गच्चीवर. मासी यायच्या दिवसापर्यंत हातभर जागा झाली होती. पूर्ण करायला अजून कितीतरी सुट्ट्या लागल्या असत्या.

कशाला खोटं बोलू, काम अप्रतिम झालं होतं. त्या हातभर जागेत रेघ कुठे होती ते मला बोट लावून दाखवता येत नव्हतं. नाक मुरडत वर गेलेली मी, खाली येताना मनातून खूश होते.

मासी आल्या. आम्ही गालिचा आधीच होता तसा पसरून ठेवला होता. हे केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून दारात उभे. मासी पलंगावर बसल्या, चपला काढल्या आणि सवयीने पाय खाली सोडले. मग खाली बघितलं. वाकून बघितलं. मग हात खाली नेऊन बोटांनी चाचपायला लागल्या.

ह्यांना वाटलं, त्या दोष शोधताहेत आणि त्यांना तो सापडत नाहीये. चेहरा असा फुलला ह्यांचा. सगळं सांगून टाकलं. पाणी बदललेलं, शेड वेगळी, आता हातभर नमुना केलाय, तुम्ही पास केलात की बाकीचं हळूहळू पुरं करतो. बोलता बोलता त्यांनी पडदा बाजूला सारला, उजेडात दाखवायला.

मासी बराच वेळ बघत राहिल्या. मग ह्यांच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "सरस छे, मास्टर. बहु मेहनत कीधी." प्रवासाने दमलेय, आता पडते, असंही म्हणाल्या.

हे जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. "पास केलं," म्हणाले. मला मात्र ते पटेना. मासींनी 'पास' म्हटलं नव्हतं. एवढं वर्षभर जो शब्द त्या चहापासून भेंडीपर्यंत सगळ्याला लावायच्या, तो नेमका आज वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी मासींनी मुलीला बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओट्यावर खुर्ची नाही, चहा नाही. हे मात्र पुढच्या सुट्टीसाठी रंग तयार करत होते, नवीन ब्रश आणला होता. मी विचारलं, "मासी गप्प का आहेत?" तर म्हणाले, "उदवाड्याची दगदग." मी चिडले. म्हटलं, तुम्हाला हजार लाल कळतात आणि एक माणूस कळत नाही. मग कळण्याची भाकरी केली, ठेचा केला, मासींना आवडायचा, आणि ताट घेऊन खाली गेले.

त्या पलंगावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. गालिच्याला पाय लागत नव्हते. ते बघितलं आणि मी सरळच विचारलं, "मासी, आमचं काय चुकलं?"

त्यांनी आधी नाही-नाही केलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला आणि सांगायला लागल्या.

लहान असताना दुपारी त्या आईजवळ ह्याच गालिच्यावर झोपायच्या. आई त्यांचं बोट धरून त्या रेघेवरून फिरवायची. डोंगरातल्या बाईचा माग कसा असतो ते सांगायची. चार खुंट्या जमिनीत ठोकायच्या आणि त्यावर विणत बसायचं. थंडी आली, चारा संपला, की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गालिचा गुंडाळून उंटावर टाकायचा आणि चालायला लागायचं. नव्या जागी परत खुंट्या ठोकायच्या, म्हणून माप बोटभर इकडेतिकडे होतं. जवळची रंगवलेली लोकर संपली की तिथल्या मुळ्या उकळून, तिथल्या ओढ्याच्या पाण्यात नवी रंगवायची. पाणी दुसरं, म्हणून लाल दुसरा. "इथून माणसं उठली आणि पुढे गेली," आई रेघेवर बोट ठेवून म्हणायची. मग मासींनी डोकं काळपट लालवर ठेवायचं आणि पाय विटकरीवर. डोकं डोंगरात, पाय सपाटीवर, असा त्यांचा खेळ होता.

मग क्वेट्ट्याला तो मोठा भूकंप झाला. मासी तेव्हा कराचीला मावशीकडे होत्या. घर पडलं, आई त्यात गेली. वडील वाचले. त्यांनी ढिगाऱ्यातून जे काढलं त्यात हा गालिचा होता. फोटो एकही नाही. "मला तिचं तोंड आठवत नाही," मासी म्हणाल्या. "बोट आठवतं." रोज सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायचे ते रेघेवर. तिथे आईने बोट ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, "मासी, मग त्याच दिवशी ओरडायचं नाही का? हे उरलेलंही पुसणार आहेत."

"त्याने किती मनापासून केलंय," त्या म्हणाल्या. "दारात कसा उभा होता बघितलंस ना? त्याला मी फेल कसं म्हणू?"

मला रडू आलं, आणि रागही आला. सगळ्यांचाच. मी तशीच वर आले. हे मिलमधून येऊन नुकतेच टेकले होते. मी पाणीसुद्धा न विचारता, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, पण चढला. ह्यांनी शेवटी नवीन ब्रश उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "मन्हाकडथीन चूक व्हई गयी." त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिलमधून हायड्रोची पुडी घेऊन आले. हायड्रो म्हणजे चढलेला रंग उतरवायची पावडर. नमुन्याला रंगवलेले ते धागे अजून होते. एक धागा वाटीत घातला. ह्यांचा रंग उतरला, आणि त्याच्या पाठोपाठ खालचा जुना लालही उतरला. हातात राहिला पिवळट मळका धागा. दुसऱ्या धाग्यावर पावडर कमी करून बघितली, तिसऱ्यावर आणखी कमी. तिन्ही धागे तसेच झाले. "होत नाही," म्हणाले. मी चूल सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. एवढ्या वर्षांत ह्यांना 'होत नाही' म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

मग ते तिन्ही पिवळे धागे तळहातावर घेऊन खाली गेले. मी मुलीला घेऊन मागोमाग. मासी पलंगावरच होत्या. हे खाली जमिनीवर बसले, गालिच्यावर नाही, कडेला फरशीवर, आणि हात पुढे केला.

"मासी, मला माहीत नव्हतं. मी परत आणू शकत नाही. आणायला गेलो तर आहे तेही जाईल." एवढंच बोलले. मग म्हणाले, "उरलेल्या रेघेला मी हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही."

मासींनी धागे घेतले, उजेडाला धरले, जसे हे चहाचा कप धरायचे तसे. आणि भलताच प्रश्न विचारला.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"कशाचं?"

"रंगाचं."

हे गोंधळले. "मिलच्या बोअरच्या पाण्यात जुळेना," म्हणाले. "म्हणून वरच्या टाकीतलं घेतलं. नळाचं. तापीचं."

मासी गुडघे धरत पलंगावरून उतरल्या आणि गालिच्यावर बसल्या, लहान मुलीसारख्या फतकल मारून. आधी टेबलाखाली हात घातला, जिथे जुनी रेघ शाबूत होती. "इथून माणसं उठली," म्हणाल्या. बोट रेघेवरून पलंगाच्या बाजूला येत गेलं, आणि जिथे ह्यांचं काम सुरू होत होतं तिथे थांबलं. तिथे विटकरी संपून ह्यांचा लाल लागत होता. ती नवी हद्द मी तोपर्यंत नीट बघितलीच नव्हती. हातभर जागेभोवती वाकडीतिकडी गेलेली, ब्रश जिथे जिथे थांबला तिथे तिथे.

मासी त्या हद्दीवरून बोट फिरवत होत्या. एकदा फिरवलं, परत फिरवलं. मग म्हणाल्या, "आणि इथे सुरत आली."

मासींनी माझ्याकडे हात पसरले, मुलीला घेतलं आणि गालिच्यावर आडवी टाकली. पाय विटकरीवर, डोकं ह्यांच्या लालवर. "आईने मला एकच जागा दाखवली होती," त्या ह्यांना म्हणाल्या. "पुढची कुणीतरी दाखवायलाच हवी होती."

हे मान खाली घालून बसले होते. मासींनी वाकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे बारीक केले.

"मास्टर, पास के फेल?"

ह्यांची मान वर आली नाही. मासींनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि स्वतःच सांगितलं, "पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध द्यायला खाली गेले. दार उघडंच होतं. मासी नुकत्याच जाग्या होऊन पलंगावर बसल्या होत्या. मी आलेली त्यांना दिसली नव्हती. त्यांनी पाय खाली सोडले, आणि ते नेहमीच्या जागी पडले, ह्यांच्या लालवर. मासींनी एकदा खाली बघितलं आणि पाय तिथेच राहू दिले.